घरी गेल्यावर बघणार कोण?

‘घर’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी कळवलं. वाड्यांवर, गढ्यांवर, बंगल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला घराची ओढ बघायची होती, म्हणून मी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले.

दुपारी बारा-एकच्या सुमारास इथून माणसं घरी निघतात. पुढं एखादी बाई, दोन्ही हातांत पिशव्या, काखेत गुंडाळलेली चटई. एका पिशवीत ताट-वाटी, जेवणाचा डबा, तांब्या, दुसरीत कापडं. मागं लेकाच्या नाहीतर भावाच्या खांद्याला धरून पेशंट, भर उन्हातही कानाला मफलर. आणि कुणाच्या तरी बगलेत एक्स-रेचं मोठं पाकीट. त्यात रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, आधार कार्डाची झेरॉक्स, सगळं एकत्र कोंबलेलं. रिक्षावाल्याशी घासाघीस होते आणि गावाकडं फोन जातो, “सोडलंय गा. निघालोय आम्ही. पाणी तापवून ठेवा.”

त्या फोनपासून पुढं जे सुरू होतं, त्याबद्दल मला लिहायचं आहे. दवाखान्यात रात्री-अपरात्री सिस्टर असते, बाटली संपली तर हाक मारायला मावशी असते, ताप मोजायला थर्मामीटर असतो. घरी यातलं काही नसतं. आजार मात्र थोडा का होईना, पेशंटबरोबर घरी आलेला असतो. त्याचं काय करायचं हे कुणाला सांगितलं, कधी सांगितलं आणि ते कळलं का, यावर पुढचा महिना कसा जाणार ते ठरतं.

थोरला दवाखाना

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे पूर्ण नाव कुणाच्या तोंडी नसतं. सगळे सीपीआर म्हणतात आणि जुनी माणसं ‘थोरला दवाखाना’. संस्थानाच्या काळात हे अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींना १८८६ साली कोल्हापूर संस्थानानं याच दवाखान्याच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली होती. त्या परत आल्या त्या आजारी होऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत त्या पुण्यात गेल्या आणि ती जागा तशीच राहिली. पुढं डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी इथं बायकांवर उपचार केले.

त्या काळी हा दवाखाना एका संस्थानाच्या राजधानीचा होता. आता तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेला आहे आणि त्याच्याकडं बघणारा मुलूख फार मोठा आहे. जिल्ह्याचे बारा तालुके तर आहेतच, शिवाय घाटाखालचा सिंधुदुर्ग, रत्नागिरीचा काही भाग, पलीकडं निपाणी-चिक्कोडी. चंदगडच्या टोकाचं गाव इथून शंभर किलोमीटरच्याही पुढं. तिथल्या माणसाला “काही वाटलं तर लगेच या” असं सांगितलं, तर त्यानं ‘काही’ म्हणजे काय आणि ‘लगेच’ म्हणजे किती वेळात, हे स्वतःच ठरवायचं. वडापची जीप मिळेल की नाही, रात्रीची एसटी आहे का, गाडी भाड्यानं केली तर किती, एवढा हिशोब करून माणूस निघतो. नाहीतर निघतच नाही.

पावसाळ्यात तर हे आणखी अवघड. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी तिकडं सरकायला लागलं की गगनबावड्याकडचा रस्ता, गावोगावचे बंधारे एकेक करून बंद होतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. जुलैत टाके घालून सोडलेल्या पेशंटला “आठ दिवसांनी टाके काढायला या” म्हणताना त्याचं गाव नदीच्या कुठल्या अंगाला आहे, हे विचारून घेणं हासुद्धा उपचाराचाच भाग धरायला हवा.

शेवटची दहा मिनिटं

सोडायचं ठरतं सकाळच्या राऊंडला. मोठे डॉक्टर येतात, जखम बघतात, कागद चाळतात आणि म्हणतात, “चला, आज घरी.” पेशंटच्या चेहऱ्यावर हसू येतं आणि नातेवाइकांची पळापळ सुरू होते. शिकाऊ डॉक्टर डिस्चार्ज कार्ड लिहायला बसतो. त्याच्यापुढं अशी चार-पाच कार्डं असतात, शिवाय नवीन ॲडमिशन आलेली असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतला पेशंट असेल तर आरोग्यमित्राकडं कागद, फोटो, सह्या. राजारामपुरी, ताराबाई पार्क भागातल्या खासगी रुग्णालयांत हाच वेळ बिलावर आणि विमा कंपनीच्या मंजुरीवर जातो. कॅशलेस विम्यात रुग्णालयानं डिस्चार्जसाठी मागितलेली मंजुरी कंपनीनं तीन तासांत द्यायची, असं विमा नियामकानं २०२४ साली बजावलं. त्यापेक्षा उशीर झाला आणि त्यापायी रुग्णालयाचं बिल वाढलं, तर ते कंपनीनं सोसायचं. पेशंटांना हे क्वचितच ठाऊक असतं. ते खाटेवर चपला घालून बसून राहतात.

हे सगळं उरकेपर्यंत दुपार टळते. मुलगा औषधं आणायला खाली गेलेला, जावई गाडी बघायला गेलेला, बाई डबे-भांडी आवरत असलेली. याच वेळी सिस्टर कार्ड घेऊन येते आणि भरभर सांगते, “ही सकाळी उपाशीपोटी, ही दोन वेळा, ही दुखलं तरच, ड्रेसिंग एक दिवसाआड, पाणी लागू द्यायचं नाही, सोमवारी दाखवायला या. समजलं ना?” सगळे एका सुरात “हो” म्हणतात.

त्या “हो”ला मी सिस्टरला दोष देत नाही. एकेका सिस्टरकडं किती खाटा असतात हे तिथं पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. चूक वेळेच्या निवडीत आहे. दवाखान्यात सांगितलेल्या माहितीतली ४० ते ८० टक्के माहिती माणूस तिथल्या तिथं विसरतो आणि जी लक्षात राहिली असं वाटतं त्यातलीही जवळजवळ निम्मी चुकीची आठवते, असं या विषयावरचे अभ्यास सांगतात. ही झाली साधारण दिवसाची गोष्ट. ज्याच्या डोक्यात बिल, गाडी आणि घरचं दूध घालायची वेळ एकदमच चाललेली आहे, त्याचं काय होत असेल!

यावरचा उपाय अगदी साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. “समजलं ना?” असं विचारायचंच नाही. “काकी, आता तुम्ही मला सांगा बघू, रात्री जेवल्यावर कुठली गोळी द्यायची?” असं विचारायचं. काकींनी भलतीच पट्टी उचलली तर त्यांना ओशाळं वाटू न देता पुन्हा सांगायचं. एका खासगी रुग्णालयात मी एका अनुभवी सिस्टरला हे करताना पाहिलं. त्यांनी गोळ्या टेबलावर ओतल्या आणि आजींनाच वेगवेगळ्या करायला लावल्या. आजींनी लघवी होण्याची गोळी झोपेच्या गोळीच्या जागी, रात्रीच्या ढिगात ठेवली. ही चूक घरी झाली असती तर आजी रात्रभर लघवीला उठल्या असत्या, अंधारात कुठंतरी पडल्या असत्या आणि मांडीचं हाड मोडून पुन्हा इथंच आल्या असत्या. टेबलावर ती चूक अर्ध्या मिनिटात सुधारली.

एक-शून्य-एक

डिस्चार्ज कार्ड जवळजवळ नेहमी इंग्रजीत असतं. त्याला कारण आहे. ते पुढच्या डॉक्टरसाठी लिहिलेलं असतं आणि तसं ते हवंच. काय आजार होता, कुठल्या तपासण्या झाल्या, काय ऑपरेशन केलं, कुठलं औषध सोसलं नाही, हे त्यावर नसेल तर गावचा डॉक्टर अंधारात राहतो. पण त्याच कागदाकडून घरच्या माणसालाही वाट दाखवण्याची अपेक्षा केली जाते, आणि तिथं तो कागद मुका होतो. बीडी, टीडीएस, एसओएस ही अक्षरं डॉक्टर-केमिस्टांच्या सरावाची. घरच्यांना त्यापेक्षा १-०-१ कळतं, पण पुरतं नाही. सकाळ म्हणजे किती वाजता? उसाला पाणी पाजायला रात्रपाळीची वीज असलेल्या शेतकऱ्याची सकाळ दहाला होते. दोन वेळ जेवणाऱ्या माणसाला “तिन्ही जेवणांनंतर” असं सांगितलं तर तो मधली गोळी सोडून देतो.

कोल्हापुरातले बरेच औषध दुकानदार यात मोठी मदत करतात. गोळ्यांच्या पाकिटावर ते पेननं सूर्य काढतात, चंद्रकोर काढतात, जेवणाआधीच्या गोळीला रिकामं ताट आणि नंतरच्या गोळीला भरलेलं. ही चित्रं कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दवाखान्यातच काढून दिली तर किती बरं होईल, असं राहून राहून वाटतं. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा वैद्यक परिषदेचा २०१६ पासूनचा नियम आहे. तो पाळला तर निम्मं काम होतं.

दुसरा धोका घरातल्या जुन्या डब्यात असतो. कपाटावरच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आधीच्या गोळ्या असतात. रक्तदाबाची एका कंपनीची गोळी आधीपासून चालू असते, दवाखान्यातून त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी येते. नाव वेगळं, रंग वेगळा. माणूस दोन्ही घेतो आणि चौथ्या दिवशी उठताना चक्कर येऊन पडतो. म्हणून ॲडमिट होतानाच तो डबा दवाखान्यात आणायला सांगावा आणि सोडताना त्यातलं काय चालू ठेवायचं, काय टाकून द्यायचं, काय नवीन आहे, हे समोर बसून ठरवावं. कुठली गोळी आपल्या मनानं मधेच बंद करायची नाही, हेही तेव्हाच सांगायला हवं. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि बरेच दिवस चाललेली स्टेरॉइडची गोळी एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं, आणि “बरं वाटतंय की आता” हे तर थांबवण्याचं सगळ्यात आवडतं कारण आहे.

सही लेकाची, काम सुनेचं

वॉर्डात फिरताना एक गोष्ट मला सारखी दिसत राहिली आणि या लेखात मला जे सांगायचं आहे ते हेच आहे. डॉक्टर बोलतात ते पुरुषांशी. फॉर्मवर सही लेकाची, बिल लेकाच्या नावावर, मोबाइल नंबर त्याचाच. पथ्य, ड्रेसिंग, गोळ्या हेही त्यालाच सांगितलं जातं, कारण त्या घटकेला समोर तो उभा असतो. आणि घरी गेल्यावर तो एमआयडीसीत पाळीला जातो. सासऱ्यांची कूस बदलणं, नळीतून भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, जखम बघणं हे सगळं सून करते, नाहीतर बायको. ती तर दवाखान्यात आलेलीच नसते. घरी म्हशी असतात, पोरांची शाळा असते, डेअरीला दूध घालायचं असतं. तिच्यापर्यंत सगळं पोचतं ते लेकाच्या अर्ध्या आठवणीतून. “डॉक्टरांनी हलकं खायला द्या म्हटलंय,” एवढंच.

करवीर तालुक्यातल्या एका गावात मी अशा एका घरी गेले. सासरे अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, सोडून पंधरवडा झालेला. सून कामाला वाघीण. घर आरशासारखं लख्ख, सासऱ्यांची कापडं पांढरीशुभ्र. पण त्यांच्या माकडहाडावर जखम झाली होती. ती म्हणाली, “मी त्यास्नी हलवतच न्हवते वो. दुखंल म्हणून. निवांत पडू दे म्हटलं.” तिच्या मायेत कसली कसर नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं तिच्या नवऱ्याला.

म्हणून पेशंट दाखल होतो त्याच दिवशी दवाखान्यानं एक प्रश्न विचारावा आणि केसपेपरवर उत्तर लिहून ठेवावं. घरी गेल्यावर यांचं करणार कोण? त्या माणसाला, बहुतेक वेळा त्या बाईला, सुटीच्या आधी निदान एक दिवस दवाखान्यात बोलवावं. म्हशींचं एक दिवस शेजारी बघतील. आणि तिला आणणं शक्यच नसेल तर सिस्टर सांगत असताना फोन लावून तिलाच ऐकवावं, नाहीतर ड्रेसिंग करतानाचा व्हिडिओ काढून न्यावा. आता घरोघरी मोबाइल आहेत. परवानगी विचारली तर बहुतेक सिस्टर नाही म्हणत नाहीत.

याच्याच जोडीनं घराचीही चौकशी हवी. संडास बाहेर आहे का, बैठा आहे की खुर्चीचा? खुबा बदललेल्या माणसाला उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही असं सांगून बैठ्या संडासाच्या घरी पाठवलं तर तो काय करील? कमोडची खुर्ची, वॉकर, हवेची गादी अनामत ठेवून वापरायला देणाऱ्या सेवाभावी संस्था महाराष्ट्रात गावोगावी आहेत. पण ही धावपळ पेशंट घरी पोचायच्या आधी व्हायला हवी. आणि पेशंटची खाट माडीवर टाकायची की खाली, हेसुद्धा आधी ठरवलेलं बरं. हृदयाच्या दुखण्याच्या माणसाला जिना चढवत नेऊन “वर शांतता असते” म्हणून ठेवलेलं मी पाहिलं आहे.

हाताला शिकवावं लागतं

काही गोष्टी सांगून येत नाहीत, करूनच येतात. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून भरवणं त्यातलंच. पेशंटला उशांनी टेकवून अर्धवट बसवायचं. नळी जागेवर आहे का ते बघायचं. पेज किंवा दूध गाळून घ्यायचं, नाहीतर गुठळी अडकते. सिरिंजचा दट्ट्या काढून ती वर धरायची आणि अन्न आपल्या वजनानं हळूहळू उतरू द्यायचं, दाबून ढकलायचं नाही. शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची आणि निदान अर्धा तास त्यांना आडवं करायचं नाही. खोकला आला, घोरल्यासारखा आवाज आला, तोंड काळंनिळं पडू लागलं तर तिथंच थांबायचं. हे सगळं एकदा ऐकून कुणाला जमेल? पहिल्यांदा सिस्टर करते आणि ती बघते. दुसऱ्यांदा ती करते आणि सिस्टर बघते. तिसऱ्यांदा तिचा हात थरथरत नाही. तीन जेवणं, म्हणजे एक दिवस पुरतो. लघवीच्या पिशवीचंही तसंच. ती कमरेच्या खालीच राहिली पाहिजे, पण जमिनीला टेकता कामा नये, आणि गाडीत बसताना पेशंटच्या मांडीवर तर ठेवायचीच नाही. घरी जातानाच्या प्रवासात नेमकी हीच चूक होते.

नातेवाइकांना वॉर्डातच असं शिकवण्याचं काम नूरा हेल्थ नावाची संस्था २०१४ पासून करते आहे. बंगळुरूच्या नारायणा रुग्णालयापासून सुरुवात झाली आणि आज महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या सरकारी रुग्णालयांत त्यांच्या पद्धतीनं सिस्टर नातेवाइकांचे वर्ग घेतात. वॉर्डाबाहेर पायऱ्यांवर ताटकळत बसलेल्या माणसांना कामाचं माणूस मानणं, हे त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

मात्र यातून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. भारतातल्या १४ रुग्णालयांत अर्धांगवायूच्या १,२५० पेशंटांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि हालचाली शिकवून घरी पाठवलं. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले पेशंट दोन्ही गटांत सारखेच होते, सुमारे ४७ टक्के. घरच्यांना शिकवलं की फिजिओथेरपिस्ट लागत नाही असं कुणी म्हणत असेल, तर या आकड्यापुढं ते टिकत नाही. सुनेला शिकवायचं ते पाठीला जखम होऊ नये, घास श्वासनलिकेत जाऊ नये, धोका वेळेवर ओळखता यावा म्हणून. तिच्या अंगावर आणखी एक नोकरी टाकायची म्हणून नव्हे.

नीट समजावून सांगण्याचा उपयोग मात्र होतो. बोस्टनमध्ये झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७४९ पेशंट होते. त्यातल्या एका गटाला सोडण्याआधी एक नर्स निवांत बसून सगळं समजावून द्यायची, चित्रांची पुस्तिका द्यायची आणि घरी गेल्यावर दोन-चार दिवसांनी औषधतज्ज्ञ फोन करायचा. त्या गटातल्यांना महिन्याभरात पुन्हा दवाखान्यात धाव घ्यावी लागण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झालं. अमेरिकेचं सगळं आपल्याला परवडणार नाही. पण तिसऱ्या दिवशीचा तो एक फोन कोल्हापुरातल्या कुठल्याही रुग्णालयाला परवडेल.

पथ्य

पथ्याबद्दल आपल्याकडं दवाखान्याच्या आधी गल्ली बोलते. भात दिला तर टाके पिकतात, वांगं नको, दही नको, अंडं उष्ण पडतं. ऑपरेशन झालेल्या बाईला नेमकी ज्याची गरज असते ती प्रथिनंच मग बंद होतात आणि जखम रेंगाळते. उलट जिथं पथ्य खरोखर जिवाशी निगडित असतं, तिथं “मीठ कमी” एवढंच सांगितलं जातं. कोल्हापुरात मीठ कुठून कुठून येतं हे सांगणाऱ्याला माहीत हवं. कांदा-लसूण चटणीत मीठ असतं आणि ती प्रत्येक कालवणात पडते. खर्डा, लोणचं, पापड, सुकं बोंबील यांचं मीठ कुणी मोजत नाही. हृदय कमजोर झालेल्या पेशंटला “तांबड्या रश्श्याची वाटी बंद” असं थेट सांगितलं की कळतं. पाणी मोजून प्यायचं असेल तर सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवायची, चहा-दुधाचंही त्यातूनच वजा करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजून दाखवायला जायचं. घरी वजनकाटा नसला तरी उपकेंद्रात असतो.

आणि बघायला येणारे! माणूस घरी आला की उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि तासाभरात पाहुणे सुरू होतात. येताना शहाळी, केळी, ग्लुकोजची बिस्किटं. मूत्रपिंडाच्या पेशंटला शहाळ्याचं पाणी घातक ठरू शकतं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते बाहेर टाकायची त्याच्या शरीराची ताकद गेलेली असते. हे घरच्यांना माहीत असेल तर ते पाहुण्याला न दुखावता शहाळी पोरांना देतात. त्यासाठी ते कुणीतरी सांगितलेलं असावं लागतं.

इन्शुलिन चालू झालेल्यांच्या घरी फ्रीज आहे का, हाही पथ्याइतकाच मोठा प्रश्न. नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं चालतं. असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं नाही, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं. दोन वाक्यांचं काम.

बाळंतिणीला जे मिळतं

हे सगळं आपल्याकडं होऊ शकत नाही, असं मला कुणी सांगितलं तर मी त्याला बाळंतिणींच्या वॉर्डात नेईन. २०११ साली जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला जेवण, औषधं, तपासण्या मोफत आणि घरी पोचवायला १०२ ची गाडी. साध्या बाळंतपणानंतरही ४८ तास ठेवून घ्यायचं, कारण पहिल्या दोन दिवसांतला रक्तस्राव जिवावर बेततो. आणि घरी गेल्यावर आशाताई येते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करते, अंग गार आहे का, नाळ ओली आहे का, अंगावर नीट पितंय का ते बघते, आईला ताप आहे का विचारते.

दवाखान्यापासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्याच्या आतही, आजाऱ्याचा हात कुणाच्या हातात द्यायचा, हे इथं आधीच ठरवलेलं आहे. जे बाळंतिणीसाठी आपण उभं केलं ते अर्धांगवायूच्या, मोडलेल्या खुब्याच्या, कर्करोगाच्या पेशंटसाठी का नसावं? केरळनं शेवटच्या टप्प्यातल्या आजाऱ्यांसाठी गावागावांत स्वयंसेवकांचं जाळं विणलं आणि २००८ साली त्याचं राज्य-धोरण केलं. आपल्याकडं उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात. सीपीआरमधून कार्डाची एक प्रत त्यांच्याकडं गेली, तर गावातल्या कुणाच्या नाकात नळी आहे हे निदान एका शिकलेल्या माणसाला ठाऊक असेल.

वेळेआधी, वेळेनंतर

दिवाळी तोंडावर आली की वॉर्डात एकच लकडा, “आम्हास्नी सोडा.” डॉक्टर नको म्हणतात तरी लोक सही करून जातात. सिस्टर मंडळी त्याला ‘डामा’ म्हणतात, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज. उलट अमावास्या असली की सोडलेला माणूसही हलत नाही, उद्या जातो म्हणतो. अमावास्येचं मी मनावर घेत नाही. खाट एक दिवस अडते, इतकंच. डामाचं मात्र नीट ऐकून घ्यावं. बहुतेक वेळा त्याच्यामागं पैसे संपलेले असतात, ऊसतोडीची उचल अंगावर असते, घरी लहान पोरं असतात. सही घेतली म्हणून अशा माणसाला रिकाम्या हातानं लावून देऊ नये. त्याला तर औषधं, धोक्याची लक्षणं आणि परत यायची वाट इतरांपेक्षा जास्त नीट सांगायला हवी, कारण तो जास्त आजारी अवस्थेत निघालेला असतो.

बिलापायी पेशंटला अडकवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या पुढाकारानं झालेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत, त्यातला हा एक. राज्यानं २०२१ साली शुश्रूषागृहांचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली आहे. आपले कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळाले पाहिजेत, हा वैद्यक परिषदेचा नियम तर २००२ पासूनचा आहे. आणि महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये घरी जायचं एसटीचं भाडं आणि सुटीनंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा धरलेला असतो. आरोग्यमित्राला हे विचारायला कुणी संकोचू नये.

परत कधी यायचं

वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात प्रत्येक युनिटच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात. ज्यांनी ऑपरेशन केलं तेच डॉक्टर भेटायचे तर त्याच वारी जायला हवं. वार चुकला की नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळं सांगा. म्हणून तारखेबरोबर वार, खोली आणि युनिटचं नाव लिहून घ्यावं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे आणि बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट. फेरी परवडण्याचा प्रश्न त्यामुळं बराच हलका झाला आहे. तरी बरोबर येणाऱ्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतोच. त्यामुळं प्रत्येक गोष्टीसाठी कोल्हापूरलाच यायला हवं का, हे सोडतानाच ठरवावं. टाके काढणं, ड्रेसिंग, साखर तपासणं जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं.

हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांना तर याची फार गरज असते. विळा-कोयत्यानं पाय कापून घेतलेली एक बाई मला दिसली. तिला सोडलं ते फडातल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जिथं पाणी ट्रॅक्टरच्या टाकीतून येतं आणि जमीन ओली असते. तिच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, “टोळी किती दिवस आहे इथं?” ती म्हणाली, “चार-पाच दिस. मग पुढच्या गावाला.” त्यांनी कार्ड परत घेतलं, ‘टाके दहाव्या दिवशी कुठल्याही सरकारी दवाखान्यात काढावेत’ असं मराठीत लिहिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिल्याची तारीख घातली आणि कागद पावसा-पाण्यात भिजू नये म्हणून औषधाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिला. मुकादमाकडं नव्हे, तिच्या हातात.